मेजरांच्या घरी मी परत जाणार नाही

मी तोटी बोलतेय. नळाच्या तोंडाला बसवतात ती, पितळेची. एरवी मला बंद करा म्हणून मीच तुमच्या मागे लागते, पण आज माझं सगळं सांगून होईपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही. स्वभाव जरा तिखट आहे माझा, आधीच सांगून ठेवते. गोड बोलणाऱ्या तोट्या हव्या असतील तर दुकानात प्लास्टिकच्या मिळतात, रंगीबेरंगी.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीनं घासलं, आटे पाडले आणि डोक्यावर मूठ बसवली. मग तिथल्या एका माणसानं मला पाइपाला लावून उघडलं, बंद केलं, थेंबभरही गळत नाही असं बघितलं आणि ढिगात टाकलं. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की पाणी धावत येणार आणि मी त्याला थांब म्हणणार. हे काम मला लय आवडलं. थांब म्हणायला जोर लागतो, आणि तो माझ्यात होता.

मलकापुरातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी काही दिवस तारेला टांगलेली होते. तिथून मला लालासाहेबांनी नेलं. लालासाहेब कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावचे. फौजेतून रिटायर होऊन नुकतेच घरी आले होते, म्हणून सगळं गाव त्यांना मेजर म्हणायचं. खरोखर मेजर होते का, ते मला विचारू नका. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. उसाचं रान, नवं स्लॅबचं घर, शालूबाई नावाची कामसू बायको आणि रेश्मा नावाची मुलगी, असा त्यांचा संसार. मला घराबाहेरच्या नळाला बसवलं तेव्हा रेश्मा एवढीशी होती. मला फिरवायला ती बादली पालथी घालून वर चढायची.

गावाला दिवसाआड पाणी. आधी उंचावरची टाकी भरायची, मग पाणी सोडणारा अर्जुना एकेका आळीचा व्हॉल्व फिरवायचा. आमच्या आळीची पाळी सगळ्यात शेवटी, शाळा भरते त्या सुमाराला. "पाणी आलं" अशी हाक आळीभर फिरायची आणि माणसं असेल ते काम टाकून नळाकडं धावायची.

आता या माणसांची तऱ्हा ऐका. ताजं पाणी आलं, की शालूबाई आधी काय करायच्या, तर घरातलं भरून ठेवलेलं पाणी ओतून द्यायच्या. हंडा, कळशी, अर्धं पिंप, सगळं गटारीत. का, तर म्हणे शिळं झालं. भात शिळा होतो, भाकरी शिळी होते, ते मला पटतं. झाकून ठेवलेलं पाणी कसं काय शिळं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. टाकीत बसलेलं पाणी ताजं, आणि शालूबाईंच्या हंड्यात आलं की ते शिळं. सगळ्या आळीत हाच प्रकार. पाणी आलं की पहिल्यांदा गटार भरायची, मग भांडी.

दुसरी तऱ्हा त्याहून भारी. नळाला पाणी नसलं की मला सताड उघडी टाकून खाली बादली ठेवायची. पाणी आलं की आवाज येईल, म्हणजे कळेल. आवाज मी द्यायचे हो, पण ऐकायला कुणी असायचं कुठं? बादली भरायची, वाहायची, अंगणात चिखल व्हायचा, आणि मग शालूबाई माझ्यावरच करवादायच्या.

मेजर ओट्यावर बसून आळीतल्या पोरांना वाळवंटातल्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगायचे. "तितं टँकर यायचा. प्रत्येकाला वाटणीचं पाणी. तांब्याभर पाण्यात दाढी, त्यातच अंघोळ, आनि उरलं तर मोजं धुवायचं. पर दुसऱ्याच्या वाटणीला कुणी हात लावत न्हवता बगा." पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची. आणि हे सांगणं चालू असताना मेजरांच्या पाठीमागं पिंप भरून वाहत असायचं. मी बघत होते ना.

मग शेजारच्या आप्पासोंनी नळाला मोटर लावली. मोटर आली आणि आमच्याकडं धार बारीक झाली. मेजर विचारायला गेले, तर आप्पासो म्हणाले, "मेजर, तुमची तोटीच पाणी अडवतीया. ती काढून फेका आनि लाइनीला डायरेक मोटर जोडा. बगा कसं धो धो येतंय."

चोर सोडून माझ्यावर आळ आला. मेजर पाना घेऊन आले. मी आटे घट्ट धरून ठेवले. पान्याला फडकं गुंडाळून, पाय रोवून, त्यांना पुन्हा पुन्हा जोर काढावा लागला. फडकं घसरून अंगावर पान्याचा ओरखडा उमटला तेव्हा कुठं निघाले, सुखासुखी निघाले नाही. माझ्या जागी त्यांनी मोटरीचा पाइप जोडला, आणि मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

त्या डब्यातून मला मोटरीचा आवाज ऐकू यायचा. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि एकानं मध्ये घुसून हिसकावून घ्यायचं, तसला दांडगेपणा होता तो. पाणी उतारानं आपसूक येत होतं, ते आता वीज जाळून ओढून आणायला लागले. एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं, अशा आळीभर मोटरी झाल्या. डब्यात पडल्या पडल्या मी गंजले असते, पण पितळ गंजत नाही. काळं पडतं फक्त. तशी काळी पडून मी वर्षानुवर्षं पडून राहिले आणि मनातल्या मनात मेजरांशी भांडत राहिले.

मला बाहेर काढलं ते रेश्मानं. ती आता सातवीत होती. शाळेत कीर्ती मॅडम नव्या आल्या होत्या. मॅडमनी पोरांना सांगितलं होतं, की पाणी वाचवणारी एखादी वस्तू घरात अडगळीत पडली असेल तर घेऊन या. कुणी झारी आणली, कुणी पिंपाचं झाकण आणलं. रेश्मानं खिळ्यांचा डबा उपडा केला, मला चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि दप्तरात घालून शाळेत नेलं.

शाळेच्या नळांना तोट्याच नव्हत्या. चिंध्या गुंडाळलेल्या काठ्या कोंबल्या होत्या. मॅडमनी माझ्या आट्यांना टेप गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं मला बसवलं. मग माझ्या तोंडाला एक पांढरं स्वच्छ फडकं बांधलं. मॅडम सांगलीकडच्या जैन घरातल्या. त्यांच्या घरी पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, आणि गाळलेल्या पाण्यातलं थेंबभर सांडलं तरी त्यांच्या आईच्या, चंपाबाईंच्या, जिवाला लागतं. फडकं बांधलं म्हणून माझं तोंड बंद झालं असं मात्र समजू नका.

मी तयार होते. पण पाणी कुठं होतं?

आमची शाळा आळीच्याच लाइनीवर, अगदी शेवटी. आळीतल्या मोटरींनी ओढून ओढून शाळेपर्यंत काही उरायचंच नाही. अर्जुना व्हॉल्व फिरवून यायचा, मला उघडून बघायचा, आणि माझ्या तोंडातून नुसता वारा यायचा. "मी तर सोडतोय मॅडम," तो म्हणायचा, "वाटंतच जिरतंय समदं."

पाणी नाही म्हणून मुलींच्या बाथरूमला कुलूप. मग मोठ्या मुलींनी एक उपाय काढला. त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. रेश्मा सकाळी बाटली भरून आणायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी न्यायची. माझ्या शेजारच्या कट्ट्यावर ती बाटली ठेवलेली असायची. ती बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लेकरानं पाणी प्यायला घाबरावं, ही कसली रीत?

मॅडम मात्र हटल्या नाहीत. कोरड्या नळापाशी पोरांना उभं करून त्यांनी शिकवलं. त्या म्हणाल्या, "पाणी आपल्याकडं चालत येत नाही. विहिरीतून टाकीत चढवायला वीज लागते. म्हणजे तुम्ही बादलीभर पाणी सांडलं, तर त्याबरोबर वीजही सांडली. आणि वर्गात कुणी नसताना पंखा फिरत राहिला, तरी तेच." मग मला फिरवून दाखवायच्या, ही उघडी, ही बंद. शिवतेज नावाचं एक वात्रट पोरगं म्हणालं, "मॅडम, पाणीच न्हाई, तर बंद काय करायचं?" सगळी हसली. मॅडमही हसल्या. मला नाही हसू आलं.

आणि एक दिवस पाणी सुटायच्या वेळेलाच लाईट गेली. वर्गातले पंखे थांबले, आणि माझ्या पोटात गुडगुड झाली. आधी वारा, मग गढूळ चूळ, आणि मग अशी धार लागली की फडकं फुगलं. मी पोरांच्या अंगावर पाणी उडवून त्यांना बोलावलं. लाईट आली, आणि धार गेली.

पुढच्या खेपेला पुन्हा तसंच झालं. रेश्माच्या मैत्रिणीनं, साक्षीनं, ते पहिल्यांदा मोठ्यानं बोलून दाखवलं, "लाईट गेली की पाणी येतंय." तेव्हापासून आमच्या शाळेत एक उलटीच तऱ्हा सुरू झाली. दुसरीकडं लाईट गेली की पोरं कुरकुरतात, आमच्याकडं बादल्या घेऊन धावायची.

मॅडमनी वर्गात विचारलं, असं का होत असेल? एकही हात वर झाला नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोटर जवळजवळ प्रत्येकाच्याच घरी होती. मॅडमनी पालकांच्या सभेत विषय काढला, तर मेजरच उठून म्हणाले, "आमच्या मोटरीचा आनि तुमच्या शाळंचा काय संबंद?" सभा चहा पिऊन घरी गेली.

मग ते झालं. सकाळच्या कवायतीला रेश्मा चक्कर येऊन पडली.

मॅडमनी तिला कट्ट्यावर माझ्याशेजारी निजवलं, तिच्याच भरलेल्या बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि मेजरांना फोन केला. मेजर मोटरसायकल दामटत आले. लेकीचं उतरलेलं तोंड बघून त्यांचा आवाजच बदलला. "काय झालं ग तुला?"

मॅडम म्हणाल्या, "दिवसभर पाणी पीत नाही ती. बाथरूमला पाणी नाही, कुलूप आहे. कुठलीच मोठी मुलगी पाणी पीत नाही इथं."

मेजरांनी बाथरूमच्या कुलपाकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग बास झाली ही शाळा. आमच्या लेकीचा जीव वर न्हाई आला. उद्यापासनं ती येणार न्हाई. तासगावला मामाकडं जाईल, न्हाईतर घरात बसंल."

रेश्मा उठून बसली. तिला मॅडम हव्या होत्या, साक्षी हवी होती, हीच शाळा हवी होती, हे मला माहीत होतं. माझ्यापाशी बसून ती साक्षीला कितीदा तरी सांगायची, की मी मॅडमसारखी मॅडम होणार. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही.

इतक्यात पोरं बादल्या घेऊन माझ्यापुढं रांगेत उभी राहायला लागली. मेजर वैतागले. "कोरड्या नळाला कशाला लाइन लावलीया रं?"

शिवतेज म्हणाला, "मेजर, आज दुरुस्तीसाठी लाईट जायची हाय. मोबाइलवर आलंय. आत्ता जाईल बगा."

"लाईट जाईल तर पाणी कसं येईल? डोकं फिरलंय का तुजं?"

आणि लाईट गेली. वर्गातला पंखा मंद होत होत थांबला. गावाकडून येणारी मोटरींची घरघर थांबली. मेजरांना ती घरघर रोज ऐकून ऐकून ऐकूच येत नसावी, कारण ती थांबल्यावर त्यांनी मान वर केली. माझ्या पोटात पाणी आलं. आता मला रोखून दाखव म्हणावं, असा जोर आला मला. साक्षीनं मूठ फिरवली आणि धार थेट बादलीच्या बुडाला आदळली.

मेजर पाण्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. वाकून त्यांनी माझ्यावरचा पान्याचा ओरखडा बोटानं चाचपला.

"ही आमची तोटी न्हवं?"

"व्हय," रेश्मा म्हणाली. "तुमी काढून टाकलेली."

मेजरांनी ओरखड्यावरचं बोट काढून घेतलं.

"पप्पा, शाळंचं पाणी आपनच वडतोय."

"माजी एकट्याची हाय व्हय मोटर? मी काढली तर आप्पासो वडंल, आप्पासोनं काढली तर दुसरा कोन."

"वडू दे त्यांना. वाळवंटात तुमी दुसऱ्याच्या वाटणीचं पाणी घेत होता का?"

मी धार बारीक करून ऐकत होते म्हणा ना. खरं तर लाईट परत आली होती. पंखा फिरायला लागला, गावाकडं घरघर सुरू झाली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझी धार आटली. दोन-चार थेंब पडले आणि मग वारा. मागची पोरं रिकाम्या बादल्या घेऊन तशीच उभी राहिली. मेजरांनी रेश्माला मोटरसायकलवर बसवलं आणि घेऊन गेले. दप्तरही नेलं. मॅडम फाटकापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

पुढचं पाणी सुटायचं त्या दिवशी रेश्माची जागा रिकामी होती. मला बोलता आलं असतं तर मी गावभर ओरडले असते. मला एकच येतं, पाणी अडवणं, आणि ते अडवायला पाणीच नव्हतं. लाईट होती, वर्गात पंखा फिरत होता. अर्जुनानं व्हॉल्व फिरवला, सवयीनं मला उघडलं आणि तो पुढं निघून गेला. माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं, कारण लाईट असताना माझ्याकडं बघून काय मिळणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

आणि माझ्या तोंडातून पाणी आलं.

धार कसली, करंगळीएवढी सुतळी. पण तुटत नव्हती. फडक्यातून ती सरळ कट्ट्यावर पडायला लागली. साक्षीनं खिडकीतून बघितलं. तिनं आधी पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पंख्याकडं. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "लाईट हाय."

वर्ग बाहेर आला. सगळी माझ्याभोवती उभी राहिली. तेवढ्यात फाटकातून रेश्मा आली. धापा टाकत, पाठीवर दप्तर, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. घरची मोटर उचकटताना तिनं पप्पांना पाना धरून दिला होता. ती सरळ माझ्यापाशी आली, हात माझ्याखाली धरले आणि ग्रीस घासून घासून धुतलं. मग तिनं ओंजळ भरली आणि ती पोटभर पाणी प्यायली. मी गळ्यापर्यंत भरून आले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

धुऊन झाल्यावर तिनं मला बंद केलं. घट्ट.

मग पोरं हातात हात घालून घरोघर गेली. कुणी मोटर काढली, कुणी "बगू" म्हणून दार लावलं. आप्पासोंची मोटर अजून चालू आहे. कुणाच्या घरी चालू आहे आणि कुणाच्या नाही, ते मला धारेच्या जाडीवरून कळतं, त्यामुळं माझ्यापुढं कुणी साळसूदपणा करू नये. पण धार आता अंगठ्याएवढी झाली आहे. बाथरूमचं कुलूप निघालं. शालूबाईंच्या हंड्यातलं शिळं पाणी रेश्मा परसातल्या शेवग्याला घालते, आणि पाण्याला शिळं म्हटलं की आईशी हुज्जत घालते. ती तिखटपणा कुणाकडून शिकली, ते तुम्हीच ओळखा.

परवा मेजर शाळेत आले. मोटर काढली, आता नळाला तोटी पाहिजे. मला हात लावून म्हणाले, "आमची तोटी परत द्या, मॅडम."

मॅडम काही बोलायच्या आत रेश्मा पुढं झाली. "ती शाळंची हाय पप्पा. तुमी मलकापूरला जावा आनि नवी आना."

मेजरांनी माझी मूठ धरून बघितली. मी आटे आवळून बसले होते. ते हसले, आणि गेले. नंतर आले तेव्हा त्यांच्या हातात दोन नव्या पितळी तोट्या होत्या. एक घरची, आणि दुसरी त्यांनी माझ्या शेजारच्या नळाला स्वतः बसवली, चिंध्यांची काठी उपसून. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. मी माफ केलं असं म्हणणार नाही. "बघू," एवढंच मी म्हणाले.

तर अशी मी. तुमच्यापुढं हात जोडायचा माझा विचार नाही, पाणी वाचवा हो म्हणून गळाही काढणार नाही. एकच सांगते. उद्या तुमच्या घरी पाणी येईल तेव्हा लाइनीच्या शेवटच्या नळापर्यंत चालत जा. तिथं कोण भरलेली बाटली घेऊन, न पिता बसलंय, ते बघून या. मग घरी येऊन पाणी ओतायचं की नाही, मोटर लावायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी इथंच आहे. कुणी पाना घेऊन आलं तर त्याचे हात दुखतील, एवढं ध्यानात ठेवा.

झालं माझं सांगून. आता करा मला बंद. घट्ट.